गाडी चाटून गेली, पण लागलं काहीच नाही: पोलिसांकडे तक्रार करावी का आणि कशी?

प्रश्न असा आला आहे: "मी रोज सायकलने कामावर जातो. परवा एका मोटारीने इतक्या जवळून कट मारला की आरसा कोपराला घासता घासता राहिला. मी पडलो नाही, लागलंही नाही. हँडलवरच्या कॅमेऱ्यात सगळं आलं आहे. मागे एकदा अशीच तक्रार केली होती, तिचं पुढे काय झालं ते कळलंच नाही. पुन्हा तक्रार करण्यात अर्थ आहे का? असेल तर ती नीट कशी करायची?"

अर्थ आहे. तक्रार करा, आणि आजच करा. नागरिकांनी पाठवलेल्या क्लिप तपासायचं काम मी वाहतूक शाखेत बरीच वर्षं केलं आहे आणि त्याच्याही आधीपासून सायकल चालवतो आहे, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत. ज्या तक्रारी पुढे सरकत नाहीत त्या बहुतेक खऱ्याच असतात. त्या उशिरा आलेल्या असतात, किंवा वाचणाऱ्याला त्यांतून नक्की काय घडलं तेच कळत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. कोणाला लागलं नाही म्हणजे काही घडलंच नाही, असं कायदा मानत नाही. ब्रिटनच्या 1988 च्या रस्ता वाहतूक कायद्यात धोकादायक वाहन चालवण्याची कसोटी अशी आहे: सक्षम आणि सावध चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्यापेक्षा फारच खालच्या दर्जाचं चालवणं. भारताच्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम 184 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने जवळजवळ हेच शब्द आले, आणि नियम मोडून ओव्हरटेक करणं, विरुद्ध दिशेने येणं, गाडी चालवताना हातात फोन धरणं हेही त्यात नावानिशी घातलं गेलं. यात कुठेही जखमेची अट नाही. तपासलं जातं ते चालवणं. म्हणून "सुदैवाने मला काही झालं नाही" या वाक्याने तक्रार सुरू करू नका. वाचणाऱ्याचं लक्ष तिथेच परिणामाकडे वळतं, आणि परिणाम तर शून्य आहे.

घाई कशासाठी, तेही ब्रिटनच्या उदाहरणावरून समजेल. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा गुन्ह्यासाठी गाडीच्या नोंदणीकृत मालकाला 14 दिवसांच्या आत नोटीस जावी लागते, नाहीतर खटला सहसा उभाच राहत नाही. त्यातही खुबी अशी की प्रत्यक्ष अपघात झाला असेल तर ही अट लागत नाही. म्हणजे हुकलेल्या अपघाताच्या तक्रारीलाच वेळेची मर्यादा जास्त कडक. त्या 14 दिवसांत तुमची क्लिप पाहणं, मालक शोधणं आणि नोटीस टपालात टाकणं एवढं सगळं बसायला हवं. बाराव्या दिवशी आलेली उत्तम क्लिप हातात धरून काहीही करता येत नाही, आणि ते फार जिवाला लागतं. इतर देशांत मुदती वेगळ्या आहेत, पण कॅमेऱ्याचं कार्ड सगळीकडे सारखंच भरतं. लूप रेकॉर्डिंग (कार्ड भरलं की जुन्यावरच नवं चित्रण) चालू असेल तर दोन-चार फेऱ्यांत जुनी फाइल पुसली जाते. घरी पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे ती फाइल जशीच्या तशी दुसरीकडे उतरवून ठेवणं.

आता तपासणारा काय पाहतो ते सांगतो. समोर क्लिप उघडली की पहिल्या मिनिटात तो चार गोष्टी शोधत असतो: नंबरप्लेट वाचता येते का, हे कुठे आणि केव्हा घडलं, क्लिप सलग आहे का, आणि तक्रारदार पुढे जबाब द्यायला तयार आहे का. यांतली एखादी जरी नसली तरी तक्रार लंगडी होते. चारही असल्या की मग तो मूळ प्रश्नाकडे येतो, की हे चालवणं खरोखर इतकं वाईट होतं का.

इथे बऱ्याच सायकलस्वारांची निराशा होते. तुम्हाला रस्त्यावर वाटलेली भीती पडद्यावर दिसत नाही. हँडलवरचे कॅमेरे वाइड अँगल असतात, त्यांत बाजूची गाडी आहे त्यापेक्षा लांब दिसते. तुमच्या कोपराजवळून गेलेली मोटार पडद्यावर आरामात जाताना दिसते. म्हणून अंतर सिद्ध करण्याचं काम तुम्हालाच करावं लागतं, आणि ते करता येतं.

नंतर कधीतरी, रहदारी नसताना, त्या जागी जा आणि फुटपाथवर उभं राहूनच लेनच्या रुंदीचा अंदाज घ्या, किंवा उपग्रह नकाशावर मोजा. समजा लेन सव्वातीन मीटर आहे. तुमची चाकं कडेपासून 70 सेंटिमीटर आत होती. हँडल 60 सेंटिमीटर रुंद, म्हणजे त्याचं टोक कडेपासून एक मीटरवर. मोटारीची बॉडी साधारण 1.8 मीटर, आरसा आणखी दहाएक सेंटिमीटर बाहेर. आता क्लिपमध्ये फक्त एवढंच पाहा, की ओव्हरटेक करताना मोटारीची पलीकडची चाकं मधल्या रेषेच्या आत होती का. आत असतील तर बेरीज-वजाबाकी करून हँडल आणि आरसा यांच्यात जास्तीत जास्त 35 सेंटिमीटर उरतात. त्याहून जास्त अंतर त्या लेनमध्ये मावतच नाही. "अगदी जवळून गेली" या शब्दांवर वाद घालता येतो, पण रेषेच्या आत राहिलेल्या चाकांवर घालता येत नाही. मागच्या बाजूलाही कॅमेरा असेल तर फारच चांगलं, कारण गाडी किती वेगाने आली आणि चालकाला तुम्ही किती आधीपासून दिसत होता, हे मागच्याच कॅमेऱ्यात येतं.

हे अंतर ज्याच्याशी ताडून पाहायचं तो आकडा देशोदेशी ठरलेला आहे. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्त्यावरच्या नियमांच्या अधिकृत पुस्तिकेत, जानेवारी 2022 पासून ताशी 30 मैलांपर्यंतच्या वेगाला किमान दीड मीटर, आणि वेग त्याहून जास्त असेल तर अंतरही जास्त, असं लिहिलं आहे. जर्मनीने 2020 मध्ये वस्तीत दीड आणि वस्तीबाहेर दोन मीटर असं नियमातच घातलं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ताशी 60 किलोमीटरपर्यंत वेगमर्यादा असलेल्या रस्त्यावर एक मीटर आणि त्यापुढे दीड मीटर आहे. तुमच्याकडे आकडा लिहिलेला नसेल तरी "पुरेसं अंतर" किंवा "सुरक्षित ओव्हरटेक" अशा शब्दांचा नियम असतोच. तो नियम तक्रारीत एका ओळीत लिहा. कायद्याचं अर्धं पान उतरवून काढायची गरज नसते, तपासणाऱ्याला कलमं माहीत असतात.

मजकूर कसा असावा ते प्रत्यक्षच दाखवतो. माझ्या टेबलावर यायच्या त्यांतल्या पुष्कळ तक्रारी या धाटणीच्या असायच्या: "या माणसाला मला मारायचंच होतं. असल्या लोकांची लायसन्स कायमची रद्द झाली पाहिजेत. आम्ही रोज जीव मुठीत धरून जातो आणि तुम्ही झोपा काढता." राग शंभर टक्के खरा आहे. पण यातून चालकाने नेमकं काय केलं, ते एका शब्दानेही कळत नाही, आणि हेतूचा आरोप तर सिद्ध करणं सगळ्यांत अवघड. तीच घटना अशी लिहा:

"12 तारखेला सकाळी 8 वाजून 42 मिनिटांनी मी शाळेसमोरच्या रस्त्याने पुलाकडे जात होतो. दोन्ही दिशांना एकेक लेन, मधे सलग रेषा. कडेला गटाराच्या जाळ्या असल्यामुळे मी कडेपासून सुमारे 70 सेंटिमीटर आत होतो. समोरून ट्रक येत असताना मागच्या पांढऱ्या मोटारीने मला ओव्हरटेक केलं. ट्रक 29व्या सेकंदाला दिसतो, मोटारीची नंबरप्लेट 34व्या सेकंदाला. मोटारीची पलीकडची चाकं रेषेच्या आतच होती. मला ब्रेक दाबून कडेला यावं लागलं. गरज पडल्यास मी जबाब देईन आणि साक्षीला येईन."

एवढं पुरे. कोणतं वाहन, कुठून कुठे, रस्ता कसा, समोर काय होतं, तुम्हाला काय करावं लागलं. "ब्रेक दाबावा लागला" किंवा "रस्ता सोडावा लागला" हे वाक्य खरं असेल तर कधीही गाळू नका. भीती मोजता येत नाही, पण दुसऱ्याच्या चालवण्यामुळे तुम्हाला तुमची दिशा किंवा वेग बदलावा लागला, ही वस्तुस्थिती असते. साक्षीला येण्याची तयारी असलेलं शेवटचं वाक्य तर कित्येकदा सगळ्या मजकुराइतकं वजनदार ठरतं. चालकाने आरोप नाकारला आणि तक्रारदार पुढे येणार नसेल, तर प्रकरण तिथेच संपतं, हे तपासणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं.

क्लिपबद्दल. मूळ फाइल द्या. संगीत, बाण, स्लो मोशन, बातम्यांसारखे लाल गोल काही नको. घटनेच्या आधीचं एखादं मिनिट आणि नंतरचं एखादं मिनिट असू द्या. फक्त सात सेकंदांचा तुकडा आला की पहिली शंका येते ती म्हणजे त्याच्या आधी काय झालं होतं. कॅमेऱ्याचं घड्याळ तपासा. बॅटरी पूर्ण उतरली की अनेक कॅमेऱ्यांची तारीख मागे जाते आणि मग क्लिपवर भलत्याच वर्षाचा शिक्का येतो. तसं झालं असेल तर घड्याळ दुरुस्त करून फाइल बदलू नका. "कॅमेऱ्याचं घड्याळ 6 मिनिटं पुढे आहे" असं तक्रारीत सरळ लिहा, ते चालतं. भारतात डिजिटल पुरावा न्यायालयात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम 65ब खाली असायचं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली असतं, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही नोंदवायची असते, म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेला तिचा ठसा, जो फाइल जराही बदलली की बदलतो. कापलेली, व्हॉट्सॲपवरून फिरलेली फाइल म्हणजे वेगळीच फाइल, तिची हॅश मूळ फाइलशी कधीच जुळणार नाही. हे एवढं एक कारण मूळ कार्ड जपून ठेवायला पुरेसं आहे.

आणि त्याच क्लिपमध्ये तुम्हीही दिसत असता. आधीच्या मिनिटात तुम्ही सिग्नल तोडला असेल तर तोही तपासणाऱ्याला दिसतो. त्यामुळे चालकाचा दोष कमी होत नाही, पण साक्षीदार म्हणून तुमची बाजू पडते. नंतर त्या गाडीचा पाठलाग करून काचेवर बुक्की मारली असेल तर प्रकरण दोघांच्या भांडणाचं होऊन बसतं, आणि ओव्हरटेकचा मुद्दा कायमचा मागे पडतो. मला या गोष्टीचं फार वाईट वाटत आलं आहे, कारण ज्यांच्या अंगावर खरोखर गाडी घातली गेली त्यांचाच संयम सुटतो, आणि ते माणूसपणाला धरूनच आहे. तरीही सांगतो, पाठलाग करू नका. सिग्नलला ती गाडी पुन्हा समोर आली तरी काच ठोठावू नका. कडेला थांबा, श्वास घ्या, आणि मोठ्याने बोला: नंबर, रंग, कोणती गाडी, चालक कसा दिसत होता, वेळ, जागा. कॅमेऱ्याचा माइक चालू असेल तर हे त्याच फाइलमध्ये जातं. प्लेट अंधूक आली असेल तर त्या क्षणी उच्चारलेला नंबर फार उपयोगी पडतो. नंतर आठवून लिहिलेल्या नंबरात एखादा आकडा हमखास इकडचा तिकडे होतो.

कॅमेरा नसेल तर? तरीही कळवा, पण अपेक्षा बेताची ठेवा. तुमचा शब्द विरुद्ध चालकाचा शब्द, एवढ्यावर कारवाई क्वचितच होते. मागून चालत येणारी व्यक्ती, बसथांब्यावर उभे असलेले लोक, यांतल्या कोणाचं नाव आणि नंबर मिळाला तर चित्र बदलतं. आसपासच्या सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, तेव्हा कुठे कॅमेरा आहे ते तक्रारीत लिहा आणि ते जपून ठेवण्याची विनंती करा.

सगळ्याच गोष्टी ऑनलाइन फॉर्मने कळवायच्या नसतात, हेही ध्यानात ठेवा. चालकाने मुद्दाम गाडी अंगावर घातली, काही फेकून मारलं, उतरून धमकावलं, किंवा दारू पिऊन चालवत असल्याचं दिसत असेल, तर तिथूनच आपत्कालीन नंबरला फोन करा. गाडीचा धक्का लागला असेल तर जखम वरून दिसत नसली तरी डॉक्टरांना दाखवा आणि कागद ठेवा. तो हुकलेला अपघात नव्हे, झालेला अपघात आहे, आणि थांबून माहिती देण्याची जबाबदारी चालकावर येते.

क्लिप समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह टाळा, निदान प्रकरण संपेपर्यंत. खालच्या प्रतिक्रियांमध्ये कोणीतरी चालकाचा पत्ता शोधून टाकतो, आणि त्याच्या वकिलाला बोलायला विषय मिळतो. पोलिसांना पाठवणं आणि जगाला दाखवणं यात कायदाही फरक करतो. जर्मनीत 2022 मध्ये आन्सबाखच्या प्रशासकीय न्यायालयापुढे प्रश्न आला होता, की बेकायदा उभ्या केलेल्या गाड्यांचे फोटो नागरिकांनी पोलिसांना पाठवले तर गोपनीयतेचा भंग होतो का. न्यायालयाने नाही म्हटलं. तिथे फोटो गेले होते ते पोलिसांकडे.

तक्रार घेतल्यावर पडद्याआड काय होतं? नंबरवरून मालक सापडतो, चालक सापडतोच असं नाही. म्हणून मालकाला विचारलं जातं की त्या वेळी गाडी कोण चालवत होतं. ब्रिटनमध्ये त्याच 1988 च्या कायद्याच्या कलम 172 खाली, भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम 133 खाली, ही माहिती देणं मालकावर बंधनकारक आहे. त्यानंतर घटनेच्या गांभीर्यानुसार ताकीद, प्रशिक्षण, दंड किंवा खटला. यांतलं बरंचसं तुम्हाला कळवलं जात नाही, म्हणून मागच्या वेळी "काहीच झालं नाही" असं तुम्ही धरून चाललात. झालं नसेलही. पण ताकीदपत्र गेलं असण्याचीही शक्यता आहे. दोन-तीन आठवड्यांनी तक्रार क्रमांक देऊन लेखी विचारा. नाकारली असेल तर कारण मागा, कारण पुढच्या तक्रारीत नेमकं तेच भरून काढता येतं. कारण पटलं नाही तर वरिष्ठांना एका पानाचं पत्र लिहा, घटनेपुरतं. गाडी एखाद्या कंपनीची किंवा बससेवेची असेल तर त्यांच्या व्यवस्थापकालाही तारीख, वेळ आणि वाहन क्रमांक कळवा. नोकरीवर असलेला चालक वरिष्ठांचं ऐकतो, आणि अवजड वाहनाच्या बाबतीत ते फार मोलाचं असतं.

प्रत्येक कटची तक्रार करावी का? माझं मत, नाही. रोज पाच तक्रारी पाठवणाऱ्याच्या सहाव्या तक्रारीकडे लक्ष कमी जातं. हे बरोबर नाही, पण होतं असंच. नंबर स्वच्छ दिसतो आहे, अंतर वादातीत आहे, किंवा वाहन मोठं आहे, अशा निवडा. पुढे येऊन लगेच कडेच्या गल्लीत वळणाऱ्या ट्रकची तक्रार मी कधीच सोडणार नाही, कारण तिथे सायकलस्वार चाकाखाली जातो. हातात फोन धरलेला चालक स्पष्ट टिपला गेला असेल तर तीही सोडू नका, ती सिद्ध करायला सगळ्यांत सोपी.

"हे चालक असेच असतात, एकाची तक्रार करून काय होणार" असं पुष्कळ जण म्हणतात. त्यावर एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठाचे इयन वॉकर आणि सहकारी यांनी सायकलवर अंतर मोजणारं यंत्र लावून, वेगवेगळे कपडे घालून ओव्हरटेक मोजले. तो अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. नवशिका दिसणारा पोशाख, चटपटीत रेसरचा पोशाख, चमकदार जाकीट, यांनी फारसा फरक पडला नाही. पोलिस असं लिहिलेल्या आणि चित्रीकरण चालू असल्याचं सांगणाऱ्या जाकिटाने सरासरी अंतर थोडं वाढलं. पण काहीही घातलं तरी साधारण 1 ते 2 टक्के चालक 50 सेंटिमीटरच्या आतूनच गेले. बहुसंख्य चालक जागा सोडतात, हे त्यात दिसतं. आणि जे थोडे सोडत नाहीत त्यांच्यावर तुमच्या कपड्यांचा परिणाम होत नाही, हेही दिसतं. त्यांच्यापर्यंत पोहोचायचं तर नंबरप्लेटच धरावी लागते.

पोलिसांनीही हे ओळखलेलं आहे. 2016 मध्ये इंग्लंडच्या वेस्ट मिडलँड्स पोलिसांनी साध्या कपड्यातला अधिकारी सायकलवर बसवला आणि जवळून जाणाऱ्या चालकांना पुढे अडवून तिथल्या तिथे किती जागा सोडायची ते दाखवलं. वेल्समध्ये नागरिकांच्या क्लिप घेण्यासाठी 'ऑपरेशन स्नॅप' सुरू झालं आणि ती पद्धत पुढे इंग्लंडमध्येही पसरली. तुमच्या पोलिसांकडे अशी सोय नसली तर साधा लेखी अर्ज, पोच आणि पेन ड्राइव्ह एवढ्यावरही काम होतं. नोंद झाली की जागेचीही नोंद होते. रेचल ऑल्ड्रेड या संशोधिकेने ब्रिटनमध्ये हुकलेल्या अपघातांचा अभ्यास केला, त्यात सावकाश चालवणाऱ्यांना दर मैलामागे असे प्रसंग जास्त येतात असं दिसलं, आणि स्त्रिया सरासरीने सावकाश चालवत असल्याने त्यांना ते अधिक सोसावे लागतात. ही माणसं एक दिवस सायकल ठेवून देतात आणि अपघाताच्या कोणत्याही आकड्यात दिसत नाहीत. एकाच वळणावरून पाच जणांच्या तक्रारी आल्या तर रस्ता बांधणाऱ्या खात्याकडेही बोट दाखवता येतं.

शेवटी साक्षीविषयी, कारण तुम्ही जबाब द्यायला तयार आहात असं लिहिणार आहात. बोलावणं यायला कित्येक महिने लागू शकतात. तोवर तुमचा मूळ जबाब, फाइल आणि जागेची मोजमापं एकाच ठिकाणी ठेवा. जाण्याआधी क्लिप पुन्हा पाहण्याची आणि जबाब वाचण्याची परवानगी मागा, तुम्ही काय पाहिलं आणि क्लिपमध्ये काय दिसतं हे डोक्यात वेगळं ठेवा. अंतर विचारलं तर सेंटिमीटरचा आकडा ठोकून देऊ नका, कसा काढला ते सांगा: लेनची रुंदी, तुमची जागा, चाकांची रेषा. चालकाच्या मनात काय होतं असं विचारलं तर "मला माहीत नाही" म्हणा. आणि "तुम्ही इतके आत का चालवत होता?" हा प्रश्न येणारच, तेव्हा कडेच्या जाळ्या, उभ्या गाड्या, उघडणारी दारं जे काही असेल ते क्लिपमध्ये दाखवता येईल अशी सेकंदं आधीच लिहून न्या.